भुईला टेकवायची नाही

"ठेवा तिथे," हेडक्लार्क रेगे म्हणाले आणि पुन्हा अडकित्त्याकडे वळले.

तिथे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत ते सांगायची पद्धत नव्हती. भिंतीला लागून एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या डोक्यावर मोडका टेबलफॅन, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची पाटी, चहाची किटली आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे असं सगळं सुखाने नांदत होतं. त्यांच्यात जागा करून मी माझा पत्र्याचा डबा ठेवला.

डब्यात ॲल्युमिनियमची नळी होती, नळीत फिरकीच्या झाकणाची काचेची कुपी, आणि कुपीत चिंचखोरे गावच्या संपत नावाच्या पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावरून चिमट्याने उचललेल्या खपल्या.

"भाऊसाहेब, हा आजच पुण्याच्या प्रयोगशाळेत जायला हवा," मी म्हणालो.

"जाईल की."

"संशयित देवीचा नमुना आहे."

रेग्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "कशाचा?"

"देवीचा."

"देवधर, तुम्ही वर्तमानपत्र वाचत नाही का? देवी गेली. देशातून."

"गेली असं जाहीर व्हायचंय अजून. त्यासाठीच हे नमुने पाठवायचे असतात."

"म्हणजे जी गोष्ट नाही, तिचा नमुना पाठवायचा. ती नाही हे कळावं म्हणून."

"हो."

रेग्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बरं," ते म्हणाले, "ठेवलात ना तिथे? मग झालं तर."

हे शहात्तर सालचं. मी बी.एस्सी. होऊन हंगामी सर्वेक्षण निरीक्षक म्हणून चिकटलो होतो. देवीचा शेवटचा रोगी बरा होऊन वर्ष उलटलं होतं. पण रोग गेला हे जगाला पटवायचं तर अंगावर पुरळ आलेला प्रत्येक माणूस हुडकायचा आणि हा तो नव्हे असं प्रयोगशाळेकडून लिहून आणायचं. थोडक्यात, नसलेली गोष्ट नाही हे सिद्ध करण्याची नोकरी. सरकारी नोकऱ्यांत ती त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायची.

संपतच्या अंगावर फोड आले आणि भिंतीवरची, देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची जाहिरात रोज वाचणाऱ्या शाळामास्तरांनी तातडीने वर्दी दिली. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पाटणकर आणि मी जाऊन पाहिलं. फोड पोटापाठीवर दाट, हातापायांवर विरळ. हे लक्षण कांजिण्यांचं. पण चारदोन फोड तळहातावर आणि तळपायावरही होते, आणि ती जागा देवीच्या आवडीची.

"माझा जीव सांगतो, कांजिण्या," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या जिवाची सही चालत नाही. अहवाल येईपर्यंत घर बंद."

घर बंद म्हणजे दारात पहारेकरी. आत आहे त्याने आत राहायचं, बाहेर आहे त्याने बाहेर. नियम चांगलाच होता. अडचण एवढीच झाली, की तो ज्या क्षणी लागू झाला त्या क्षणी संपतची आई हौसा घरात होती आणि तिचं चार महिन्यांचं तान्हं बाहेर होतं. तिची नणंद बायनाबाई त्याच आळीत, दोन घरं सोडून राहायची. ती त्याला खेळवायला घेऊन गेली होती. हौसाचा नवरा मुंबईला गिरणीत. घरात तिसरं कोणी नाही.

"पोराला आत तरी येऊ द्या," हौसा दारातून म्हणाली होती.

"आणि खरंच देवी निघाली तर?" डॉक्टरांनी विचारलं होतं. सगळ्या गावाला नव्याने लस टोचली होती, तान्ह्यालाही; पण लस धरली की नाही हे इतक्यात कोण सांगणार? म्हणून तान्ह्याने शेळीचं दूध प्यायचं, बोंडल्याने, आणि हौसाने वाट पाहायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही ठरवलं.

दोन घरं म्हणजे लांब नव्हे. तान्हं रडलं की आवाज नीट ऐकू यायचा आणि हौसाची चोळी भिजायची. मी तेव्हा अविवाहित होतो. मी दारावर टांगलेल्या लिंबाच्या डहाळीकडे बघत राहायचो. मग ती आत जाऊन दूध वाटीत पिळायची आणि परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतून यायची. वाटीसुद्धा बाहेर द्यायची नाही, असा नियम होता.

"किती दीस टिकंल ह्ये दूद?" तिने एकदा मला विचारलं. मी बी.एस्सी. असल्यामुळे मला ते ठाऊक नव्हतं.

"अहवाल आला की लगेच," मी म्हणालो.

अहवाल आला नाही. मी रोज टपालाची वाट पाहायचो, डॉक्टर रोज मला "आला?" विचारायचे. शेवटी मी पुन्हा जिल्ह्याला गेलो. कपाटावर माझा डबा नव्हता. मला फार आनंद झाला.

"गेला ना भाऊसाहेब नमुना?"

"हा बघा," रेगे म्हणाले.

डबा त्यांच्या टेबलावर होता. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता.

"चांगला वजनदार आहे. शिपायाच्या हातून एकदा पडला, पण डब्याला पोचासुद्धा नाही."

डब्याला नव्हता. आतून काच खुळखुळल्याचा आवाज मात्र आला. डब्याखाली माझंच पत्र होतं आणि त्यावर लाल शाईचा शेरा: "देवी हा रोग अस्तित्वात नसल्याने सदर रोगाचा नमुना असू शकत नाही. रोगाचे नाव दुरुस्त करून फेरसादर करावे."

"भाऊसाहेब, एक बाई तिकडे..."

"देवधर, माझं काही म्हणणं नाही," रेगे मायेने म्हणाले. "तुम्ही दुसरं काहीही लिहा. पुरळताप लिहा. सरकारने घालवलेला रोग तुम्ही परत आणलात, तर वरचे विचारतील की नाही?"

डॉक्टरांनी तो डबा तसाच्या तसा उकळायला लावला आणि आवारात पुरला. "खपल्या अजून गळतायत. दुसऱ्या घेऊन या," ते म्हणाले. मी नव्या डब्यावर "पुरळताप" लिहिलं आणि चिंचखोऱ्याला गेलो.

दारात गुणाजी पहारेकरी पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. तो गावचाच होता आणि गावच्या लोकांना गावच्या लोकांच्याच घरात जाऊ न देणं ही नोकरी त्याला अवघड जात होती, त्यामुळे तो ती फार कडक करायचा.

"आजबी सही आनली न्हाई?" त्याने विचारलं.

"आणतो."

आत संपत टुणटुणीत होता. त्याला विटीदांडू खेळायला जायचं होतं आणि जाता येत नाही म्हणून त्याने एक भिंत उकरून ठेवली होती. हौसा मात्र उतरली होती. मी कुपी काढली, चिमटा काढला.

"पयल्या न्हेल्या त्या खपल्या कुटं हायती?" तिने विचारलं.

खरं सांगायला मला लाज वाटली, पण दुसरं काही सुचेना. "कचेरीत ठेवल्या होत्या. कपाटावर."

"टेकवल्या?"

"म्हणजे... ठेवल्या."

"मंग!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "बसली की ती तितंच!"

"कोण?"

"कोन म्हंजे? द्येवी. तुमी सोताला द्येवी डाक्टर म्हनवता आन येवढंबी ठावं न्हाई?" लस टोचणाऱ्यांना आणि आमच्यासारख्यांना गावात देवी डॉक्टरच म्हणत. "द्येवी उतरली का तिच्या खपल्या सुपात घ्याच्या, लिंबाच्या पाल्यावर, आन व्हात्या पान्यात सोडायच्या. मदी कुटं भुईला टेकवायची न्हाई. टेकवली का ती बसती. बसली का मंग उटत न्हाई."

मी तिला विषाणू समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. रोगाचं वर्णन म्हणून ते चुकीचं होतं. जिल्हा कचेरीचं वर्णन म्हणून त्यात मला एकही चूक सापडेना.

"ह्या बारीला टेकवायची न्हाई," ती म्हणाली. "कपाटावर न्हाई, टेबलावर न्हाई, गाडीच्या टपावर न्हाई. ह्या हातातनं त्या हातात. तसा सबूद देत असशीला तर न्या. न्हाईतर म्या पान्यात सोडते."

तेवढ्यात दोन घरांपलीकडे तान्हं रडायला लागलं. हौसाचे हात थांबले. मी लिंबाच्या डहाळीकडे पाहिलं.

"शब्द दिला," मी म्हणालो.

खपल्या कुपीत गेल्या, कुपी नळीत, नळी डब्यात. हौसाने पेटीतून हिरवा खण काढला, डबा त्यात लिंबाच्या पाल्यासकट गुंडाळला, वर गाठ मारली, आणि दोन्ही हातांनी माझ्या दोन्ही हातांत दिला. मी उठलो तेव्हा लक्षात आलं, की पायात चपला हातांशिवाय घालाव्या लागणार.

डॉक्टर पाटणकरांनी माझ्याकडे, खणाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "देवधर, तुम्ही बी.एस्सी. ना?"

"हो सर."

"मग हे काय?"

"प्रयोग म्हणून."

"हं," ते म्हणाले. "आडनावाला जागताय म्हणायचं."

एस.टी. फाट्यावर उभी होती. मागच्या खेपेला डब्यावरचं "संसर्गजन्य" हे लाल अक्षर वाचून कंडक्टरने मला उतरवलं होतं आणि मला दूधवाल्याच्या टेम्पोतून जावं लागलं होतं. या खेपेला अक्षर खणाच्या आत होतं. कंडक्टर तोच.

"सामान टपावर टाका पाव्हणं."

"टेकवता येत नाही."

"का?"

"देवी आहे," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. आपल्या भाषेत रोगाला आणि देवतेला शब्द एकच आहे, त्याला माझा इलाज नाही. कंडक्टरने डोक्यावरची टोपी काढली, ड्रायव्हरमागच्या बाकावरून एका पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला उठवलं आणि मला बसवलं. तिकिटासाठी खिशात हात घालायचा तर डबा कुठे ठेवणार? शेजारच्या म्हातारीने पदर पसरला. "द्या माज्याकडं. घोर करू नगा, टेकवत न्हाई." तिला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. तिला ते माहीतच होतं. पुढे तिने केसांतलं शेवंतीचं फूल काढून गाठीत खोवलं. गाडी वेळेवर पोचली, हा मी तरी योगायोगच मानतो.

"ठेवा तिथे," रेगे म्हणाले.

"टेकवता येत नाही, भाऊसाहेब."

"का?"

"बाईला शब्द दिलाय."

"कुठल्या बाईला?"

"नमुन्याच्या आईला."

रेग्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी तसाच दिसलो असणार. "मग राहा धरून उभे," ते म्हणाले. "साहेब मिटिंगला आहेत. सहीशिवाय नमुना पुढे जात नाही."

मी धरून उभा राहिलो. सरकारी कचेरीत उभं राहणाऱ्या माणसाची कोणाला अडचण होत नाही. बाकं त्यासाठीच कमी असतात. पण हातात हिरवा खण, लिंबाचा पाला आणि वर शेवंतीचं फूल घेऊन उभं राहणाऱ्या माणसाची सोय कुठल्याच नियमात नव्हती. आधी झाडूवाल्या बाईंनी वाकून नमस्कार केला. मग जन्माचा दाखला न्यायला आलेल्या एका जोडप्याने केला. त्यांना बघून मागच्यांनी चपला काढल्या. "कुठली देवी?" एकाने विचारलं. "चिंचखोऱ्याची," मी म्हणालो. थोड्या वेळाने रांग लागली. रांगेत अर्ध्या लोकांची इथली कामं वर्षभर अडकलेली होती, त्यामुळे त्यांच्या भक्तीत खोट काढायला जागा नव्हती.

"देवधर! कचेरीचं देऊळ करून ठेवलंत!" रेगे ओरडले. "या, या इकडे. आवक रजिस्टरला सही तरी करा आधी."

"हात मोकळा नाही. जरा धरा," मी म्हणालो आणि डबा पुढे केला.

आता, कोणी काही पुढे केलं तर माणूस हात पुढे करतो. त्याला नोकरीतली ज्येष्ठता आड येत नाही. रेग्यांनी दोन्ही हातांत डबा घेतला, मी रजिस्टरात सही केली आणि दोन पावलं मागे सरलो.

"घ्या."

"सही नीट वाळू द्या, भाऊसाहेब."

"अहो घ्या की! नाहीतर मी ठेवतो इथे टेबलावर."

"ठेवा," मी म्हणालो. "फक्त एक आहे. जिथे टेकवाल तिथे बसेल म्हणाल्यात बाई. तुमच्या टेबलावर बसेल. त्याला माझी हरकत नाही."

रेग्यांनी टेबलाकडे पाहिलं. रांगेतल्या लोकांनी रेग्यांकडे पाहिलं. झाडूवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, नगा बाई. पोराबाळांचं घर हाय तुमचं." सुपारी तोंडात, दोन्ही हात अडकलेले, कपाळावर घाम. माझ्या नोकरीच्या काळात मी एवढ्या जलद काम होताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

"शंकर!" ते जीपच्या ड्रायव्हरला ओरडले. "साहेबांच्या मेहुण्यांना पुण्याला सोडायला निघालायस ना? हे घेऊन जा!"

"मला दोन्ही हात लागतात," शंकर ड्रायव्हर दारातूनच म्हणाला.

"मग ह्याला बसव! ह्यालाच बसव गाडीत! साहेबांची सही मी घेतो मागाहून. न्या हो, घ्या हे आधी."

डबा माझ्या हातात परत आला. जिल्ह्यात नमुना वाहून न्यायला जीप उपलब्ध नाही असं आम्हाला लेखी कळवलेलं होतं. ती होती. मेहुणे अंग चोरून बसले होते एवढंच.

पुण्याच्या प्रयोगशाळेत एक डॉक्टरबाई बाहेर आल्या. नाडकर्णी त्यांचं नाव. मी त्यांच्याही तोंडून तेच ऐकायची तयारी करून आलो होतो. टेबलं तर तिथे भरपूर होती.

"आणलंत? द्या," त्या म्हणाल्या आणि रबरी हातमोजे घातलेले दोन्ही हात पुढे केले.

मी दिला. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या, नाहीतर मी त्या बाईंना नमस्कारच केला असता.

"हा कपडा कसला?"

"आवरण."

"आम्हाला जाळावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. "मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली देवीचा विषाणू विटेसारखा दिसतो. तुमच्या नमुन्यात वीट नाही. सगळे गोल आहेत. कांजिण्या." एवढं त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. मी विचारलं, "मग आई तान्ह्याला घेऊ शकते?" त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्या आत गेल्या, अहवालाची प्रत स्वतः टाइप करून आणली आणि माझ्या हातात दिली. "खपल्या सुकल्यात ना मोठ्या मुलाच्या? मग आजच घेऊ द्या."

मी दुपारी चिंचखोऱ्यात पोचलो तो पळतच. "गुणाजी, ऊठ! कांजिण्या! देवी नाही!"

गुणाजी उठला आणि त्याने कागद उलटसुलट पाहिला. "इंग्रजीत हाय."

"पुण्याचा आहे. मोठ्या डॉक्टरांची सही आहे बघ."

"आपल्या डाक्टरसायबांची कुटं हाय?"

आपले डॉक्टरसाहेब नसबंदीच्या शिबिराला गेले होते. त्या वर्षी सगळे डॉक्टर कुठल्या ना कुठल्या शिबिराला गेलेलेच असत. ते उद्यावर येणार होते.

"अरे, त्यांनी सही करून करून काय वेगळं लिहायचंय? देवी नाही. रोगच नाही तो!"

"त्ये तुमचं बराबर हाय. पर परवादिशी जिल्ह्याची गाडी यिऊन दम दिऊन गेली. डाक्टरची सही बगितल्याबिगर मानूस हलला तर नोकरी ग्येली म्हनाले. माजी, तुमची न्हवं." त्याने दाराशेजारच्या दगडाकडे बोट केलं. "ठिवा तितं. सायेब आलं का बगतील."

मी जिल्ह्यात चिडलो नव्हतो. एस.टी.तून उतरवलं तेव्हा चिडलो नव्हतो. इथे मात्र माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. बरंचसं इंग्रजीत होतं, त्यामुळे गुणाजीला लागलं नाही. शेवटी घसा बसला आणि मीही बसलो, त्याच दगडावर.

हौसा उंबऱ्याच्या आत उभी होती. "टेकवली न्हाई न्हवं?"

"नाही."

"कुटंच?"

"कुठंच नाही. खण जाळला त्यांनी."

"म्हंजी अग्नीला दिला. ब्येस क्येलं." ती थांबली. "मंग आता काय ऱ्हायलं?"

"सही."

दूध कालपासून उतरेनासं झालं होतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा सांगितलं नाही.

माझ्या ओरडण्याने आळी गोळा झाली होती. तिच्यातून बायनाबाई आली. कडेवर तान्हं, रडून लालबुंद. गुणाजी काठी आडवी धरून दारात उभा राहिला.

"आक्का, म्होरं यिऊ नगं."

"कोन येतंय म्होरं?" बायनाबाई म्हणाली. ती जागेवरच थांबली होती. तिने एकवार माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, एकवार वहिनीकडे. "गुणादा, ह्याला जरा धर. माजा पदर सुटलाय."

गुणाजीने काठी काखेत मारली आणि हात पुढे केले. कोणीही केले असते.

"भुईला टेकवायचं न्हाई हं," बायनाबाई म्हणाली आणि मागे सरली. चार पावलं. मग आणखी चार. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले.

"आक्का! घे की माघारी!"

"माजं हात शेनात हायती."

"आत्ता तर ह्यो तुज्याच..." गुणाजी वळला. त्याने शेजारच्या म्हातारीपुढे तान्हं धरलं, तिने हात मागे घेतले. आळीतल्या सगळ्या बायांचे हात एकाएकी कशात ना कशात गुंतले. एकीने तर रिकामीच घागर दोन्ही हातांनी कवटाळली. शाळामास्तरांनी टोपी सावरायला घेतली ती सावरून होईना. गुणाजी माझ्याकडे वळला. मी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मोठ्या डॉक्टरांची सही होती त्यावर, तो कसा सोडणार?

तान्ह्याने टाहो फोडला आणि गुणाजीचा सदरा ओला केला.

"आरं द्येवा," गुणाजी म्हणाला. त्याने भुईकडे पाहिलं. आळीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला आणखी दोन हात दिसले. ते मघापासूनच पुढे होते, उंबऱ्याच्या आतून, खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ. त्याने पाय जमिनीत रोवले, कमरेतून वाकला, आणि तान्हं उंबऱ्यावरून पलीकडे दिलं.

हौसा तिथल्या तिथे खाली बसली. पोराने आधी तोंड फिरवलं. त्याला बोंडल्याची सवय लागली होती. तिने त्याची मान पुन्हा वळवली. त्याने पुन्हा फिरवली. आळीत कोणी हलत नव्हतं. बायनाबाईने पदराखालचे हात बाहेर काढून तोंडावर धरले होते. ते स्वच्छ होते. मग रडणं थांबलं. थांबलं ते थांबलंच, आणि कोणीतरी घागर भुईवर ठेवल्याचा आवाज आला.

"म्या उंबरा वलांडला न्हाई," गुणाजी मला म्हणाला. तो सदरा झटकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. "मानूस हलला न्हाई. आत होती ती आतच हाय. बगितलंसा न्हवं? तसं ल्ह्या."

मी तसं लिहिलं.

सही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली; सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं यथासांग. शिक्का वाळायच्या आत मी सायकलवर टांग टाकली आणि तो कागद घेऊन हौसाच्या दारात गेलो. गुणाजी पोतं गुंडाळून घरी गेलेला, संपत विटीदांडू घेऊन पसार. हौसा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तान्हं, पदराखाली. मी कागद पुढे केला.

"सुटका झाली तुमची," मी म्हणालो. "सरकारी हुकूम."

तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"ठिवा तितं," ती म्हणाली.

मी तो भुईवर ठेवला. अजून तिथेच असेल.